स्मृतींची राखण : शालेय छायाचित्रण व चित्रीकरणासाठी काही व्यवहार्य सूचना

निवासी शाळा हे विद्यार्थ्याचे दुसरे घर असते. बालपणाची पाच-सात, कधी दहा वर्षे तो या घरात काढतो. घरोघरी वाढदिवसाची, सणावाराची छायाचित्रे निघतात. वसतिगृहातल्या मुलाचे बालपण मात्र शाळेने टिपले तरच टिपले जाते. झरी-जामणी, वणी, केळापूर या तालुक्यांतील आणि पैनगंगेपलीकडील गावांतून आलेल्या अनेक कुटुंबांत मुलाच्या लहानपणाचे एकमेव चित्र म्हणजे शाळेचा वर्गफोटो असतो. पुढे हाच फोटो नातवंडांना दाखवला जातो. म्हणून शाळेत छायाचित्र काढणारा शिक्षक वा विद्यार्थी एका अर्थाने अनेक कुटुंबांच्या स्मृतींचा राखणदार असतो.

आज जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या हाती मोबाइलचा कॅमेरा आहे. साधन सुलभ झाले, परंतु जाण त्या प्रमाणात वाढली नाही. कार्यक्रम संपल्यावर शेकडो चित्रे उरतात. त्यांतली निम्मी हललेली, काही काळवंडलेली, काहींत पाहुणे दिसतात पण मुले दिसत नाहीत. आणि दोन वर्षांनी स्मरणिकेसाठी शोध घ्यावा तर एकही हाती लागत नाही. हे टाळण्यासाठी फार महागडे साहित्य लागत नाही. थोडा अभ्यास, थोडी शिस्त आणि समोरच्या माणसाविषयी आदर एवढे पुरेसे आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने काही सूचना क्रमाने मांडल्या आहेत.

१. प्रकाशाची ओळख

छायाचित्रण म्हणजे प्रकाशाने केलेले लेखन होय. कॅमेरा कोणताही असो, पहिला विचार प्रकाशाचा करावा. मुकुटबनचा परिसर साधारणपणे विषुववृत्ताच्या उत्तरेस वीस अंशांच्या आत-बाहेर येतो. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. अशा वेळी काढलेल्या चित्रात कपाळ चकाकते, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या साचतात आणि ऊन सहन न होऊन मुले डोळे मिचकावतात. उन्हाळ्यात बाहेरचे चित्र सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर काढावे.

दुपारीच चित्र काढणे भाग असेल तर मुलांना कडुनिंबाच्या वा इमारतीच्या सावलीत आणावे. मात्र सावली सलग हवी. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडले तर अर्धा चेहरा पांढरा व अर्धा काळा येतो. सावलीत उभ्या केलेल्या मुलांच्या मागे उन्हाने झगमगणारे मैदान नसावे; मागे भिंत किंवा झाडी असावी.

प्रजासत्ताकदिनी सकाळी सूर्य आग्नेयेकडे खाली असतो आणि त्याचे तिरपे, उबदार ऊन चित्रास फार पोषक ठरते. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी थेट न ठेवता एका खांद्याच्या बाजूस ठेवावा. त्यामुळे चेहऱ्याला उठाव येतो आणि मुलांच्या डोळ्यांत ऊनही जात नाही. स्वातंत्र्यदिनी बहुधा आभाळ भरलेले असते. ढगाळ दिवस चित्रास वाईट, असा समज आहे. वस्तुतः ढग हा निसर्गाने टांगलेला पांढरा पडदाच होय. त्यातून गाळून येणारा प्रकाश सर्व चेहऱ्यांवर सारखा पडतो. फक्त चौकटीत रिकामे पांढरे आकाश फार घेऊ नये.

वर्गात चित्र काढताना खिडकी हा सर्वोत्तम दिवा समजावा. मुलाला खिडकीकडे तोंड करून किंवा खिडकी बाजूला ठेवून बसवावे. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. मोबाइलचा फ्लॅश दोन-तीन मीटरांपलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून मंचाकडे फ्लॅश मारल्याने पुढच्या रांगेतील डोकी तेवढी उजळतात.

२. पांढरा पोशाख आणि सावळे चेहरे

आपल्या कार्यक्रमांत एक विशेष अडचण येते, तिचा उल्लेख छायाचित्रणाच्या सर्वसामान्य पुस्तकांत क्वचितच आढळतो. बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन अशा प्रसंगी सर्वजण शुभ्र वस्त्रे परिधान करतात. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप समोरच्या दृश्याची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेशी जुळवू पाहते. चौकट पांढऱ्या वस्त्रांनी भरली की यंत्राला वाटते, प्रकाश जास्त झाला. ते चित्र अंधारे करते. परिणामी वस्त्रे मळकी दिसतात आणि सावळे चेहरे ओळखू येत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. मोबाइलच्या पडद्यावर वस्त्रावर नव्हे, तर चेहऱ्यावर बोट टेकवावे. सूर्याचे चिन्ह दिसले की ते थोडे वर सरकवावे. बोट काही क्षण दाबून ठेवल्यास बऱ्याच फोनांत हे मोजमाप कायम राहते. मोठ्या कॅमेऱ्यात प्रकाशाची भरपाई अर्ध्या ते एका टप्प्याने अधिक करावी. मात्र एक चाचणी चित्र काढून वस्त्रांच्या चुण्या दिसत आहेत ना, याची खात्री करावी. चुण्या पूर्ण नाहीशा झाल्या तर प्रकाश अती झाला, असे समजावे.

सावळ्या वर्णाची अशी उपेक्षा केवळ सवयीतून झालेली नाही; ती यंत्राच्या आणि फिल्मच्या रचनेतच होती. विसाव्या शतकात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी छपाईच्या प्रयोगशाळांना नमुन्याचे कार्ड पुरवीत असे आणि त्यावर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. त्या त्वचेचा रंग बरोबर आला की सर्व रंग बरोबर आले, असे मानले जाई. गडद छटा नीट येत नाहीत ही तक्रार लाकडी सामान व चॉकलेट बनवणाऱ्या उत्पादकांनी केली, तेव्हा कुठे फिल्ममध्ये सुधारणा होऊ लागली, असे या विषयाचे अभ्यासक दाखवून देतात. यातून बोध एवढाच, की यंत्राचा निर्णय अंतिम मानू नये. चेहरा गोरा करणारी जी सोय मोबाइलमध्ये असते ती आवर्जून बंद ठेवावी. आपली मुले जशी आहेत तशीच, त्यांच्या खऱ्या वर्णात आणि पुरेशा प्रकाशात दिसावीत.

३. वर्गाचा समूहफोटो

समूहफोटो सोपा वाटतो, पण तयारीवाचून तो हमखास बिघडतो. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे ठेवावेत.

जागा आदल्या दिवशी, त्याच वेळी जाऊन पाहावी. साठ विद्यार्थी असतील तर पहिली रांग सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी आणि चौथी बाकांवर अशी मांडणी करावी. बाक डगमगत नाहीत ना, हे स्वतः तपासावे. चित्रापेक्षा मुलांची सुरक्षितता महत्त्वाची. मागच्या रांगेतील मूल पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून दिसेल असे उभे करावे. प्रत्येकाला एकच सूचना द्यावी : ‘मला कॅमेऱ्याचे भिंग दिसते का? दिसत नसेल तर मीही चित्रात दिसणार नाही.’ ही कसोटी लहान मुलांनाही लगेच समजते.

छायाचित्रकाराने जवळ उभे राहून रुंद कोनाचे भिंग वापरू नये. त्यामुळे कडेच्या मुलांचे चेहरे ताणले जातात. मागे सरकावे, मोबाइलमध्ये एक पटीचे भिंग ठेवावे आणि कॅमेरा मधल्या रांगेच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. मोठा कॅमेरा असल्यास छिद्राचा आकडा आठच्या आसपास ठेवून दुसऱ्या रांगेवर लक्ष्य साधावे, म्हणजे पुढचे-मागचे सर्व चेहरे स्पष्ट येतात.

कोणाचे तरी डोळे मिटलेले असणे ही जगभरची तक्रार आहे. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन व पिअर्स बार्न्स यांनी याचे चक्क गणित मांडले आणि त्यासाठी २००६ साली त्यांना हसवून विचार करायला लावणारा ‘इग नोबेल’ पुरस्कार मिळाला. त्यांचा ठोकताळा असा : वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या प्रकाशात माणसांच्या संख्येला तीनने आणि अपुऱ्या प्रकाशात दोनने भागावे, येईल तितकी चित्रे काढावीत. अठरा शिक्षकांचा फोटो असेल तर उन्हात सहा आणि खोलीत नऊ. साठ मुलांच्या वर्गाला हे गणित पुरत नाही. तेथे लागोपाठ दहा-पंधरा चित्रे काढून त्यांतील उत्तम ते निवडावे. ‘एक, दोन, तीन’ म्हणण्यापूर्वी सर्वांना डोळे मिटायला सांगावे आणि ‘तीन’ला उघडायला सांगावे, ही युक्तीही उपयोगी पडते.

४. कार्यक्रम टिपताना

कार्यक्रमपत्रिका आधी मागून घ्यावी. दीपप्रज्वलन, धम्मध्वजारोहण, पारितोषिक हे क्षण पुन्हा घडत नाहीत. त्यांच्या पाच मिनिटे आधी योग्य जागी पोहोचलेले असावे. कॅमेऱ्याची पट्टी मनगटात असावी, बॅटरी पूर्ण भरलेली आणि कार्ड रिकामे असावे.

वंदनेच्या वेळी मर्यादा अधिक पाळावी. बुद्धमूर्ती आणि वंदना करणारे यांच्या मधून जाऊ नये. फ्लॅश आणि शटरचा आवाज बंद ठेवावा. एका बाजूस बसून, मुलांच्या उंचीवरून, तीन-चार चित्रे काढून थांबावे. मेणबत्तीच्या उजेडात चित्र काढताना फ्लॅश मारला तर ज्या उजेडासाठी चित्र काढायचे तोच नाहीसा होतो. त्याऐवजी हात खांबाला टेकवून, श्वास रोखून, हळुवार बटण दाबावे. अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे. सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती पाळावीच; आणि बिनॉय बहल यांनी तेथील चित्रे अत्यल्प प्रकाशात टिपून जगापुढे ठेवली, हे ध्यानात घ्यावे. अंधुक उजेडात धीराने काम करता येते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

हालचालीसाठी शटरचा वेग ठरवावा लागतो. भाषण करणाऱ्या वक्त्यासाठी सेकंदाचा १२५ वा भाग पुरतो. लेझीम, आदिवासी नृत्य यांसाठी २५० वा ते ५०० वा. धावण्याच्या शर्यतीसाठी ५०० वा ते १००० वा. मोबाइलमध्ये हा वेग ठरवता येत नसेल तर भरपूर उजेडात उभे राहावे आणि उडी सर्वांत उंच गेल्यावर, म्हणजे शरीर क्षणभर स्थिर होते तेव्हा, बटण दाबावे.

केवळ मंचाचेच चित्रण करू नये. पडद्यामागे पागोटे बांधून घेणारा मुलगा, पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिलेली मुलगी, सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या मावशी, शेवटच्या रांगेत बसलेले आईवडील हे शाळेचे खरे चित्र होय. पंचवीस वर्षांनी स्मरणिका उघडणारा माजी विद्यार्थी पाहुण्यांच्या हारांकडे नव्हे, तर आपल्या सोबत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहील.

५. चित्रफीत : थांबा, मोजा, मग हला

चित्रफितीत नवशिक्याकडून सर्वांत अधिक वेळा घडणारा दोष म्हणजे कॅमेरा सतत फिरवणे. पाण्याच्या फवाऱ्याप्रमाणे इकडून तिकडे फिरणारी चित्रफीत कोणालाही पाहवत नाही. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर टिपावे. मनात एक ते दहा आकडे मोजावेत आणि मगच जागा बदलावी. दृश्य जवळ हवे असल्यास पडद्यावर बोटांनी मोठे करू नये. पायांनी जवळ जावे.

प्रत्येक प्रसंगाची तीन दृश्ये घ्यावीत. दुरून, ज्यात जागा कळते. मध्यम अंतरावरून, ज्यात कृती कळते. आणि जवळून, ज्यात भाव कळतो. विज्ञान प्रदर्शनाचे चित्रीकरण करायचे असेल तर आधी संपूर्ण दालन, मग प्रयोग समजावणारी विद्यार्थिनी आणि शेवटी तिचे हात. जोडणी करताना या तीन तुकड्यांतून एक वाक्य तयार होते. दोघांचा संवाद टिपताना दोघांना जोडणारी एक रेषा कल्पावी आणि संपूर्ण वेळ तिच्या एकाच बाजूस राहावे. अन्यथा पडद्यावर दोघेही एकाच दिशेने बोलत असल्यासारखे दिसतात.

मोबाइल आडवा धरावा. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण चित्रफितीत काळे पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटरचा वेग ५० वा भाग ठेवल्यास हा दोष टळतो. फोनमध्ये ५० हर्ट्झ असा पर्याय असल्यास तो निवडावा.

साठवणुकीचा हिशेब आधी करावा. साध्या उच्च प्रतीच्या, म्हणजे १०८० च्या, चित्रफितीस मिनिटाला साधारण १३० मेगाबाइट जागा लागते. ३२ गिगाबाइटच्या कार्डात सुमारे चार तास मावतात. चार पट बारीक असलेल्या फोर-के प्रतीस याहून अडीच-तीन पट जागा लागते. स्नेहसंमेलनासाठी १०८० पुरेसे आहे.

६. आवाजाची काळजी

चित्र थोडे अंधारे असले तरी प्रेक्षक सहन करतो; आवाज कळला नाही तर चित्रफीत बंद करतो. आवाजाचा नियम सोपा आहे : अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चतुर्थांश होते. म्हणून माइक वक्त्याजवळ हवा. वेगळा माइक नसल्यास दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रण सुरू करून वक्त्याच्या खिशात किंवा व्यासपीठावर ठेवावा. सुरुवातीस एकदा टाळी वाजवावी. जोडणी करताना चित्रातील टाळी आणि मुद्रणातील टाळी जुळवली की दोन्ही एकजीव होतात. चित्रपटात फळी आपटतात, त्याचे कारण हेच.

मैदानाच्या टोकाला उभे राहून मुद्रण करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटर दूर उभे असल्यास आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. एवढ्यानेही ओठ आणि शब्द यांची फारकत जाणवते.

वयोवृद्ध व्यक्तींच्या मुलाखती घेताना पंखा व जनित्र यांपासून दूर, जमल्यास सतरंज्या-पडदे असलेल्या खोलीत बसावे. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. प्रश्न विचारून गप्प राहावे. आजी थांबल्या तरी लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. बरेचदा मोलाची आठवण त्या मौनानंतरच येते. त्यांनी गोंडी, कोलामी वा तेलुगूत बोलायला सुरुवात केली तर त्यांना अडवू नये. त्या भाषेतील मुद्रण हाच एक ठेवा होय.

७. फाळके यांचा वाटाणा आणि आपली पराटी

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. छायाचित्रकार म्हणून व्यवसायही केला. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला, पण चित्रपटासाठी भांडवल देण्यास कोणी धजेना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर स्थिर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपत रोपाची वाढ चित्रित केली. अवघ्या मिनिटभरात बीजातून रोप उगवताना पाहून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

हा प्रयोग निवासी शाळेतील विद्यार्थ्यांना सहज करता येतो. ते रोज तेथेच राहतात, हे त्यांचे भांडवल. जून-जुलैमध्ये परसबागेत पराटीचे एक झाड निवडावे. समोर पक्का खुंट रोवून त्यावर मोबाइल ठेवण्याची खाच करावी, म्हणजे चौकट रोज तीच राहील. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एक चित्र काढावे. दीडशे दिवसांत दीडशे चित्रे होतील. सेकंदाला दहा या गतीने जोडली की पंधरा सेकंदांत अंकुर, पाती, फूल, बोंड आणि फुटलेला कापूस हा संपूर्ण प्रवास दिसेल. ज्या पिकावर आपल्या आईवडिलांचा संसार चालतो, त्याची वाढ इतक्या बारकाईने पाहण्याची संधी मुलांना यातून मिळेल. एक दिवस चुकला तर चित्रात झटका दिसतो. म्हणून दोघा-दोघांची पाळी लावावी.

८. कॅमेरा आणि माणसाची प्रतिष्ठा

तंत्राइतकाच महत्त्वाचा प्रश्न दृष्टीचा आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारच्या आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा छायाचित्रांचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात देशातील नाना जाती-जमातींचे लोक आहेत. परंतु बहुसंख्य चित्रांखाली माणसाचे नाव नाही, केवळ जातीचे वा जमातीचे नाव आहे. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला तो मनुष्य कोण, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्याला कोणी नाव विचारलेच नाही, किंवा विचारले तरी ते लिहून ठेवण्याजोगे वाटले नाही.

हीच चूक आज नकळत पुन्हा घडते. ‘एक कोलाम विद्यार्थिनी’, ‘गरीब मुलांना वह्यावाटप करताना मान्यवर’ अशा ओळी आपण सहज लिहितो. पाहुण्यांचे नाव, पद, पदवी सर्व येते. वही घेणाऱ्या मुलीचे नाव येत नाही. बरेचदा तिची पाठच कॅमेऱ्याकडे असते. मदत स्वीकारणाऱ्या मुलाचे चित्र घ्यायचेच असेल तर कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा, त्याचा चेहरा दिसेल अशी जागा घ्यावी. आणि त्याहून उत्तम, दुसऱ्या दिवशी त्या वहीत लिहिताना त्याचे चित्र घ्यावे. हात पसरलेले मूल आणि लिहिणारे मूल यांत शाळेचे कार्य कोणते चित्र सांगते, हे वेगळे सांगायला नको.

काही मर्यादा काटेकोर पाळाव्यात. स्नानगृह, शयनगृह, आजारपण, रडणे, शिक्षा यांचे चित्रण करू नये. मुलींच्या वसतिगृहातील चित्रण महिला अधीक्षिकांच्या अनुमतीनेच व त्यांच्या उपस्थितीत व्हावे. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून छायाचित्रणाची लेखी संमती घ्यावी आणि ती न देणाऱ्यांचा मान राखावा. मूल ‘नको’ म्हणाले तर कॅमेरा खाली घ्यावा. निराधार वा अत्याचारपीडित बालकांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये बंदी आहे, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असले पाहिजे. शिक्षकांच्या खासगी मोबाइलमध्ये मुलांची चित्रे कायम ठेवू नयेत. ती शाळेच्या संग्रहात जमा करून फोनमधून काढून टाकावीत.

९. नोंद आणि नावे

चित्र काढल्यावर काम अर्धेच होते. त्याच दिवशी नोंदवहीत पाच गोष्टी लिहाव्यात : दिनांक, ठिकाण, प्रसंग, चित्रातील व्यक्तींची नावे आणि छायाचित्रकाराचे नाव. वर्गफोटोची नावे डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार, मुले जागेवर असतानाच लिहून घ्यावीत. त्यासाठी दोन विद्यार्थी नेमावेत. नावे पूर्ण आणि मुलाने स्वतः सांगितलेल्या रूपात लिहावीत. ‘पुढे भरू’ म्हणून सोडलेली नावे पुढे कोणीच भरत नाही.

संगणकात ठेवताना फाइलच्या नावाची सुरुवात वर्षाने करावी : वर्ष, महिना, दिवस, प्रसंग, क्रमांक. त्यामुळे सर्व चित्रे आपोआप कालक्रमाने लागतात. शेकडो चित्रांतून प्रसंगामागे दहाच निवडावीत आणि बाकीची निर्दयपणे गाळावीत. छपाईसाठी व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत वापरू नये; तेथे चित्र दाबून लहान केले जाते. पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. पोस्टकार्डाच्या आकाराच्या, म्हणजे सहा बाय चार इंचांच्या, चांगल्या छपाईस १८०० बाय १२०० बिंदू पुरतात. परंतु स्मरणिकेच्या ए-फोर आकाराच्या पूर्ण पानास सुमारे ३५०० बाय २४८० बिंदू लागतात.

१०. दोन आगींचा धडा

मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्या इंग्लंडमधील क्रिस्टल पॅलेस येथे मांडल्या होत्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि बहुतेक प्रतिकृती जळाल्या. पुढे जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या भारतीय विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात हे काम नव्याने केले. त्या प्रतिकृतीही लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतील कित्येक नष्ट झाल्या. गिल यांनी कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र १८६४ साली पुस्तकरूपाने छापली गेली होती. त्यांच्या प्रती ठिकठिकाणी गेल्या, म्हणून ती आजही पाहता येतात. एका ठिकाणी असलेली एकमेव प्रत, मग ती कितीही भव्य असो, नाशाच्या दाराशी उभी असते.

आपली एकमेव प्रत आज बहुधा एखाद्या शिक्षकाच्या मोबाइलमध्ये असते. शिक्षकांची बदली होते, फोन पाण्यात पडतो आणि पाच वर्षांचा इतिहास जातो. म्हणून प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात : एक शाळेच्या संगणकात, दुसरी कपाटातील हार्ड डिस्कवर आणि तिसरी शाळेबाहेर, संस्थेच्या कार्यालयात किंवा इंटरनेटवरील शाळेच्या खात्यात. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी आहे, साठवणुकीसाठी नाही. दरवर्षी एकदा सर्व प्रती उघडून पाहाव्यात. याशिवाय वर्षातून पंचवीस-तीस निवडक चित्रे कागदावर छापून, मागे पेन्सिलीने नावे लिहून, अल्बममध्ये लावावीत. वीज आणि यंत्र नसले तरी कागद वाचता येतो.

समारोप

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाणानंतर ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. त्या काळी ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावे आणि प्रत्येक फुटाला पैसे मोजावे लागत. लाखोंच्या त्या शोकाकुल जनसागराची हलती चित्रे आज आपण पाहू शकतो, ती त्या दिवशी हे टिपलेच पाहिजे असे एका माणसाला वाटले म्हणून. आपल्या समाजाच्या वाट्याला स्वतःची छायाचित्रे फार उशिरा आली. आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा आपल्या मुलांची चित्रे नीट प्रकाशात काढणे, त्यांखाली त्यांची नावे लिहिणे आणि ती जपून ठेवणे हे शाळेच्या शैक्षणिक कार्याचेच अंग मानले पाहिजे.

स्वाध्याय

(१) एकाच मित्राचे चित्र सकाळी आठ, दुपारी बारा व सायंकाळी साडेपाच वाजता एकाच जागी काढा. डोळ्यांखालच्या सावल्यांची तुलना करून पाच ओळी लिहा.

(२) पांढरा गणवेश घातलेल्या पाच मुलांचे चित्र आधी स्वयंचलित मोजमापाने आणि मग चेहऱ्यावर मोजमाप घेऊन काढा. काय फरक पडला?

(३) शाळेच्या स्वयंपाकघरातील एका कामाची दूर, मध्यम व जवळ अशी तीन दृश्ये प्रत्येकी दहा सेकंद टिपा. आधी परवानगी घ्या.

(४) शाळेतील एखादा जुना वर्गफोटो घ्या. माजी विद्यार्थ्यांना व गावातील ज्येष्ठांना विचारून त्यातील शक्य तितकी नावे शोधा आणि ती चित्रामागे पेन्सिलीने लिहा. जितकी नावे सापडतील, तितकी माणसे तुम्ही विस्मृतीतून परत आणली असे समजा.